अर्ध्या शेराचा वाद

आहारशास्त्राचा इतिहास सांगायचा म्हणजे युरोपातील एखाद्या प्रयोगशाळेपासून प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. आम्ही तो बाजूस ठेवून दुष्काळी कामावरच्या खडीच्या ढिगापासून प्रारंभ करणार आहो. मनुष्याला जगण्यास किती अन्न लागते, हा प्रश्न आपल्या या दख्खनच्या पठारावर एकदा सरकारी हुकुमाने सोडविण्यात आला होता. ते उत्तर चुकले आणि त्याची किंमत माणसांनी मोजली.

१८७६ साली पाऊस गेला. पुणे, सोलापूर, सातारा, नगर आणि खाली विजापूर-धारवाडपर्यंतचा मुलूख करपला, आणि तिकडे मद्रास इलाख्यात तर याहून भयंकर स्थिती झाली. १८७८ पर्यंत चाललेल्या या दुष्काळात निदान पन्नास लाखांवर माणसे मेली असे अंदाज आहेत. काहींच्या मते हा आकडा पुष्कळच मोठा आहे. सरकारने रस्त्यांची व तलावांची कामे काढली. कामावर येईल त्याला मजुरी, ही पद्धत. आता ही मजुरी किती असावी?

हा प्रश्न सर रिचर्ड टेम्पल यांच्याकडे आला. हे गृहस्थ निर्दय होते असे मानणे फार सोपे आहे, पण इतिहासाला ते धरून नाही. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात याच टेम्पलसाहेबांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने वाटला होता आणि मृत्यू फार थोडे होऊ दिले होते. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली नाही. खजिना उधळला म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तो डाग पुसण्याची संधी त्यांना १८७७ च्या जानेवारीत मिळाली. व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना दुष्काळाची पाहणी करण्यासाठी दक्षिणेत पाठविले, आणि टेम्पलसाहेबांनी मजुरीचे नवे माप सुचविले : पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, बायका व मुले यांना त्याहून कमी.

एक पौंड म्हणजे आपला सुमारे अर्धा शेर. चार-पाच भाकरींचे पीठ. वरच्या आण्यात त्या महागाईच्या दिवसांत मीठ, मिरची, सरपण आणि चिमूटभर डाळ यांतले काय काय येणार? आणि एवढ्यावर दिवसभर उन्हात खडी फोडायची, माती वाहायची. मजुरी जास्त दिली तर लोक आळशी होऊन सरकारवर विसंबून राहतील, अशी धास्ती त्या काळच्या अर्थशास्त्रालाच जडली होती.

या मापाला मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी उघड विरोध केला. कष्टकऱ्याला निदान दीड पौंड धान्य हवे, शिवाय डाळ हवी, भाजी हवी, असे त्यांचे म्हणणे. सरकारी नोकरीत राहून वरिष्ठांशी आकड्यांनी भांडणारा हा माणूस आम्हांला या साऱ्या प्रकरणात फार मोलाचा वाटतो. मद्रास सरकारने त्याच वर्षी निम्मी वाट चालून सव्वा पौंड धान्य आणि दीड औंस डाळ मान्य केली.

मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या आधी मजुरांनीच निकाल दिला. जानेवारीत मजुरी घटताच लोकांनी कामे सोडली. एक लाखाच्या आसपास माणसे कामावरून निघून गेली. पोटात अन्न नसलेल्यांनी केलेला हा संप आपल्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगावची हकीकत जमवून सरकारकडे धाडली. त्यांनी सरकारच्याच वह्या सरकारपुढे ठेवल्या. तुरुंगातल्या कैद्याला हेच सरकार याहून अधिक धान्य घालते, मग अपराध न केलेल्या कुणब्याला कमी का? या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आज आपल्याला हा हिशेब कॅलरींत मांडता येतो. एक पौंड ज्वारी किंवा तांदूळ म्हणजे सुमारे सोळाशे कॅलरी. आता मध्यम बांध्याचा पुरुष नुसता निजून राहिला तरी हृदय, फुप्फुसे, यकृत, मेंदू यांचे काम चालू राहण्यासाठी आणि अंगातली ऊब टिकण्यासाठी दीड हजारांच्या आसपास कॅलरी खर्च होतात. म्हणजे टेम्पलसाहेबांच्या अर्ध्या शेरात माणूस जेमतेम अंथरुणावर पडून राहू शकला असता. खडी फोडण्यासाठी त्यात काहीच शिल्लक उरत नव्हते. ती शक्ती मग शरीर स्वतःलाच जाळून पुरवीत होते : आधी चरबी, तिच्याबरोबर स्नायू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेल्या कोष्टकात अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाची गरज ३४७० कॅलरी धरली आहे. हे कोष्टक ६५ किलो वजनाच्या माणसाचे आहे, आणि त्या वेळचा कुणबी एवढा भरत नसेल. पण त्यासाठी हवी तेवढी सूट दिली तरी ही तफावत बुजत नाही.

पण धान्याचे वजन पुरेसे झाले म्हणजे आहार पुरा झाला का? येथे जावा बेटातल्या कोंबड्या आपल्या मदतीला येतात. बटाव्हिया येथे ख्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचा जंतू शोधीत होते. त्यांच्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडू लागले, आणि काही काळाने त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले की मध्यंतरी कोंबड्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता; पुढे नवा आचारी आला, आणि लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना घालण्यास त्याने नकार दिला! एका आचाऱ्याच्या शिस्तीमुळे वैद्यकाला वाट सापडली. तांदळाच्या तांबूस कोंड्यात काहीतरी होते. ते पदार्थ ओळखण्यास पुढे बरीच वर्षे गेली. १९१२ साली फुंक यांनी 'व्हिटॅमिन' हे नाव सुचविले, आणि आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या कोकणातला उकडा तांदूळ या दृष्टीने फार शहाणा. भात सालीसकट उकडताना कोंड्यातले हे सत्त्व दाण्यात मुरते आणि मागून कांडले तरी पुष्कळसे टिकते. ज्या आजीने तो शिजवला तिला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक असण्याची गरज नव्हती.

डॉक्टर कॉर्निश यांनी मागितलेल्या भाजीचा अर्थही येथे लागतो. ज्वारीच्या दाण्यात 'क' जीवनसत्त्व नाही आणि 'अ' जवळजवळ नाहीच. नुसत्या धान्यावर जगणाऱ्याला तांदुळजाची किंवा अंबाडीची जुडी ही चैन नव्हे. डाळीची गोष्ट मात्र जरा गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यावरून पुढे मोठाच वाद झाला.

१९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट येत असल्याची घोषणा केली. गरिबांच्या आहारात प्रथिनेच नाहीत, म्हणून त्यांना निराळी सत्त्वयुक्त पिठे पुरविली पाहिजेत, असा सूर त्या वेळी सर्वत्र होता. त्याच्या विरुद्ध उभे राहिले डॉक्टर पांडुरंग सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ १९५१ पासून १९७० पर्यंत रोम येथे जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचा संचालक होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जो माणूस पोटभर भाकरी आणि वरण खातो त्याला प्रथिने बहुधा पुरतातच, आणि जो उपाशी आहे त्याला दिलेली प्रथिने शरीर सरपणासारखी जाळून टाकते. आधी पोट भरा. टेम्पलसाहेबांच्या अर्ध्या शेरालाच हे लावून पाहावे. तेवढ्या ज्वारीत चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम प्रथिने निघतात, कागदावर अगदीच थोडी नव्हेत. पण खडी फोडणाऱ्याच्या अंगी ती लागणार कशी? पुढे शास्त्रज्ञांचे मत बरेचसे सुखात्मे यांच्या बाजूला झुकले.

मौज अशी की, याच सुखात्म्यांचे दुसरे एक मत पुण्यातच अडले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचे मोजमाप केले, ते दरडोई २२५० कॅलरींचे माप धरून. सुखात्मे म्हणाले की शरीर हे काही ठरावीक कोळसा खाणारे इंजिन नव्हे. एकाच निरोगी माणसाची गरज दिवसादिवसाला बदलते, थोडे अन्न मिळाले तर शरीर तेच अधिक काटकसरीने वापरते, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी समजू नये. या हिशेबाने भुकेल्यांची संख्या एकदम खाली येते. दांडेकरांनी हे मानले नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतून आलेले डॉक्टर गोपालन यांनीही शरीराच्या या काटकसरीला आरोग्य म्हणण्यास कडाडून हरकत घेतली. खुजे राहिलेले मूल जगले, एवढ्यावरून ते निरोगी कसे ठरते, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.

आम्ही या वादात गोपालन यांच्या बाजूचे आहो, हे लपवीत नाही. सुखात्मे यांचा हेतू टेम्पलसाहेबांचा नव्हता, त्यांचे गणितही वरवरचे नव्हते. पण अन्न घटले म्हणजे शरीर जी काटकसर करते ती कशातून करते, ते पाहावे लागते. मूल वाढायचे थांबते. मोठा माणूस हालचाल कमी करतो, दुपारी बांधावर बसून राहतो, आणि त्याला आळशी म्हणणारे लोक १८७७ सालीही होतेच.