जत्रा कशावर टिकते? शॅम्पेनच्या जत्रांचा इतिहास

शॅम्पेन म्हटलं की आपल्याला फेसाळती वाइन आठवते. पण बाराव्या-तेराव्या शतकात युरोपातले व्यापारी हे नाव घेत ते तिथल्या जत्रांसाठी. ‘मेळे भरवा, माणसं आणा, प्रदेशाचा विकास होईल’ असं आपण नेहमी ऐकतो. त्यात खरं किती, हे आज या जत्रांवरून पाहू.

फ्रान्सच्या ईशान्येकडील या प्रांतात त्र्वा, प्रोव्हँ, लान्यी आणि बार-स्यूर-ओब या चार गावांत मिळून वर्षाला सहा जत्रा भरत. एक उठली की दुसरी, त्यामुळे बाजार जवळजवळ वर्षभर चालू. फ्लँडर्सचं लोकरी कापड उत्तरेकडून येई, मसाले आणि रेशीम इटालियन व्यापारी आणत. गावकरी घरं आणि तळघरं भाड्यानं देत, सरदाराला जकात मिळे. प्रोव्हँचं नाणं तर इटलीतही चाले.

आता, वाटेवरची गावं इतरही होती. मग व्यापारी इथंच का येत? कारण इथल्या सरदारांनी, म्हणजे काउंटांनी, त्यांना अभय दिलं होतं. ११४८ च्या सुमारास प्रोव्हँच्या जत्रेला निघालेल्या सराफांना वाटेत लुटलं गेलं, तेव्हा काउंट तिबो यानं फ्रान्सचा कारभार पाहणाऱ्या सुजेरकडे भरपाईची मागणी केली. जत्रेतल्या करारांवर देखरेख करायला पुढे खास अधिकारी नेमले गेले. परक्या माणसालाही इथं दाद मिळे.

१२८५ मध्ये चौथा फिलिप राजा झाला आणि लग्नसंबंधातून आलेला हा प्रांत राजसत्तेखाली गेला. मग इटालियन व्यापाऱ्यांची धरपकड झाली, फ्लँडर्सशी युद्ध पेटलं. त्याच सुमारास, १२७७ पासून, जिनोआची जहाजं थेट उत्तरेकडे जाऊ लागली होती. जत्रा ओसरल्या. इतिहासकार कारणांवर वाद घालतात. आम्हाला मात्र अभय गेलं, ही गोष्ट मोठी वाटते. समुद्राची वाट खुली झाली होती हे खरं, पण जमिनीवरची वाट राजानंच धोक्याची करून ठेवली.

आज प्रोव्हँला पर्यटक येतात ते त्याच जत्रांच्या खुणा पाहायला. तटबंदी आणि तळघरं शाबूत आहेत. २००१ मध्ये युनेस्कोनं या गावाला जागतिक वारसा ठरवलं. गावाला पुन्हा पाहुणे मिळाले, पण युरोपचा व्यापार काही परत आला नाही.

म्हणून कुठलंही प्रदर्शन भरलं की आपण मंडप किती मोठा हे विचारतो, त्याबरोबर आणखी एक विचारावं: लांबून आलेल्या छोट्या व्यापाऱ्याचे पैसे बुडाले, तर त्यानं जायचं कुणाकडे?