प्रसिद्धी आणि पसंती

अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गाजलेल्या कार्यक्रमांविषयी जितके लिहिले आहे तितकेच, किंबहुना थोडे अधिक चवीने, फसलेल्या कार्यक्रमांविषयीही लिहिले आहे. अशा फसगतींच्या याद्या वाचू लागले म्हणजे ‘पिंक लेडी’ हे नाव हटकून आढळते. १९८० च्या मार्च महिन्यात एन. बी. सी. या बलाढ्य प्रक्षेपण-संस्थेने दोन जपानी तरुणींना मोठ्या गाजावाजाने अमेरिकन प्रेक्षकांपुढे उभे केले आणि अवघे पाच भाग दाखवून एप्रिलच्या आरंभी तो सारा पसारा आवरता घेतला. एवढीच हकीगत सांगून लोक हसतात. हे हसणे स्वाभाविक असले तरी ते चुकीच्या माणसांच्या वाट्याला आले आहे, असे मला वाटते. ज्यांना प्रेक्षकांनी नाकारले म्हणून आपण सांगतो, त्यांना प्रेक्षकांपुढे खरोखर येऊ दिले गेले होते काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

प्रकार तसा नवा नव्हता. दूरचित्रवाणी घरोघर पोचण्यापूर्वी चित्रपटसृष्टीने तो एकदा करून पाहिला होता. सॅम्युएल गोल्डविन या निर्मात्याने ॲना स्टेन नावाची, कीव्ह शहरात जन्मलेली एक अभिनेत्री १९३२ मध्ये हॉलिवुडला आणली. ग्रेटा गार्बो आणि मार्लेन डीट्रिच यांच्या तोडीची तारका आपल्या पदरी असावी, ही त्याची आकांक्षा. सुमारे दोन वर्षे तिला इंग्रजी शिकविण्यात आणि तिच्याविषयी वृत्तपत्रांतून कुतूहल वाढविण्यात गेली. ‘नाना’ या तिच्या पहिल्या चित्रपटाचे बरेचसे काम झाल्यावर ते पसंत न पडून गोल्डविनने ते रद्द केले आणि दुसऱ्या दिग्दर्शिकेकडून चित्रपट नव्याने करून घेतला. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्यूझिक हॉलमध्ये तो लागला तेव्हा प्रारंभी गर्दी लोटली. परंतु ती गर्दी जाहिरातीने जमविलेली होती. ती ओसरण्यास वेळ लागला नाही. त्यानंतर टॉलस्टॉयच्या कादंबरीवरचा एक आणि गॅरी कूपरबरोबरचा एक, असे आणखी दोन चित्रपट झाले आणि १९३५ मध्ये दोघांचे मार्ग वेगळे झाले. हॉलिवुडने तिला ‘गोल्डविनचा खुळेपणा’ असे नाव ठेवले. मौज अशी की, याच स्टेनबाईंनी १९२७ मध्ये बोरिस बार्नेट यांच्या ‘टोपीच्या पेटीवाली मुलगी’ या रशियन मूकपटात मोठी चपळ, खेळकर भूमिका केली होती. ती पाहिलेल्या माणसाला, ही बाई अभिनयशून्य होती असे कोणी सांगितले तर पटणार नाही. गोल्डविनने त्या खेळकर मुलीला घडवून-घडवून एक गूढ, गंभीर पुतळा केला आणि प्रेक्षकांनी त्या पुतळ्याकडे पाठ फिरविली.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. तेथील अर्थव्यवहार चित्रपटाहून निराळा आहे. अमेरिकेत त्या काळी ए. बी. सी., सी. बी. एस. आणि एन. बी. सी. या तीन संस्थांचे राज्य होते. प्रेक्षकाला कार्यक्रम फुकट दिसत असे. संस्था पैसे घेत ते जाहिरातदारांकडून, आणि जाहिरातीचा दर ठरे तो किती घरांत कार्यक्रम पाहिला गेला या आकड्यावरून. हा आकडा नील्सन नावाची संस्था काढी. देशभरातल्या सुमारे बाराशे घरांतील संचांना तिने यंत्रे जोडून ठेवलेली असत आणि त्यांवरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधला जाई. एखादा आकडा घसरला म्हणजे थेट उत्पन्न घसरले. त्यामुळे हाताखाली देशव्यापी प्रक्षेपण असूनही या संस्था नेहमी भेदरलेल्या असत. आणि भेदरलेला बलवान माणूस जे करतो तेच त्या करीत: आवाज वाढवीत.

१९७८ मध्ये एन. बी. सी.ची सूत्रे फ्रेड सिल्व्हरमन यांनी हाती घेतली. त्यापूर्वी सी. बी. एस. आणि ए. बी. सी. या दोन्ही संस्थांत त्यांनी मोठे यश मिळविले होते. लोकांना काय आवडेल हे या माणसाला पोटातूनच कळते, अशी त्यांची ख्याती होती आणि ‘टाइम’ साप्ताहिकाने १९७७ मध्ये त्यांना मुखपृष्ठावर स्थान दिले होते. तिसऱ्या क्रमांकावर रेंगाळणारी एन. बी. सी. ते वर काढतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. १९७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी ‘सुपरट्रेन’ नावाची मालिका सुरू केली. अणुशक्तीवर धावणाऱ्या एका आलिशान आगगाडीची ही कथा. नेपथ्यावर अफाट खर्च झाला आणि नऊ भागांत गाडी थांबली. मॉस्को ऑलिंपिकच्या प्रक्षेपणासाठी संस्थेने आठ कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला होता. १९८० मध्ये अमेरिकेने त्या सामन्यांवर बहिष्कार घातला आणि तीही आशा मावळली. ‘पिंक लेडी’ आली ती या सगळ्या घालमेलीत.

या दोघी कोण होत्या? मित्सुयो नेमोतो आणि केइको मासुदा, शिझुओका येथल्या बालमैत्रिणी. जपानी दूरचित्रवाणीवर नवोदित गायकांची निवड करणारी एक स्पर्धा होती. तिच्यातून निवडल्या जाऊन १९७६ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. गीतकार यू आकू आणि संगीतकार शुन्इची तोकुरा यांनी त्यांच्यासाठी काहीशी विक्षिप्त, खट्याळ गाणी रचली. एक गाणे पोलिस अंमलदारावर, एक परग्रहावरून आलेल्या प्रियकरावर, एक डावखुऱ्या चेंडूफेक्या मुलीवर! प्रत्येक गाण्याला ठरावीक हावभावांचे नृत्य होते, आणि ते जपानातील शाळकरी मुलींनी उचलले. एकामागून एक अशा त्यांच्या नऊ ध्वनिमुद्रिका खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेल्या. ‘यू. एफ. ओ.’ या गाण्याला १९७८ चे जपान रेकॉर्ड पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांची वये वीस-एकवीस वर्षांची होती. हे यश कोणी केवळ जाहिरातीने विकत घेऊन दिलेले नव्हते; मुली अंगणात नाचू लागतात त्या कोणाच्या सांगण्यावरून नव्हे.

त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री एक गोष्ट घडली. वर्षाखेरीस एन. एच. के. ही जपानची राष्ट्रीय प्रक्षेपण-संस्था गायक-गायिकांचा एक भव्य कार्यक्रम करते. त्या काळी जवळजवळ सारे राष्ट्र तो पाहत असे आणि त्यात बोलावणे येणे हा कलावंताचा मान समजला जातो. तो मान बाजूला सारून या दोघींनी दुसऱ्या वाहिनीवर धर्मादाय कार्यक्रम केला. हेतू चांगला होता. परंतु लोकांना ते रुचले नाही. १९७९ मध्ये त्यांची घरची लोकप्रियता उतरणीला लागली. म्हणजे अमेरिकेने त्यांना उचलले तेव्हा त्यांचा तारा मावळतीकडे झुकू लागला होता. एखाद्या परदेशी व्यापाऱ्याने गेल्या हंगामातला माल नवा म्हणून घ्यावा तसा हा प्रकार. १९७९ मध्ये त्यांच्या एका इंग्रजी गाण्याने अमेरिकन यादीत ३७ वा क्रमांक गाठला, आणि तेवढ्या आधारावर एन. बी. सी.ने आपला मनोरा उभारला.

निर्मितीचे काम सिड व मार्टी क्रॉफ्ट या बंधूंकडे सोपविण्यात आले. मुलांसाठीचे बाहुल्यांचे कार्यक्रम करून त्यांनी नाव मिळविले होते. काम सुरू झाले तेव्हा मुख्य अडचण ध्यानात आली: नायिकांना इंग्रजी येत नव्हते. दर आठवड्याला एका तासाचा कार्यक्रम. त्यात गाणी, प्रहसने, पाहुण्यांशी गप्पा. आणि या दोघींनी आपली सारी वाक्ये अर्थ न कळता केवळ ध्वनी पाठ करून म्हणावयाची! जेफ ऑल्टमन नावाचा एक तरुण विनोदी नट जोडीला देण्यात आला. त्याने बोलावे, या दोघींनी गोंधळावे, आणि त्या गोंधळावर प्रेक्षकांनी हसावे, अशी योजना झाली. गाणी बहुतेक अमेरिकनच. ज्या गाण्यांवर अवघा जपान नाचला ती बाजूला राहिली. प्रत्येक भागाच्या शेवटी या दोघींनी स्नानाच्या पोशाखात, नीटनेटका पोशाख केलेल्या जेफला गरम पाण्याच्या कुंडात ओढावे, असा एक ठराव होता. पौर्वात्य स्त्रीविषयी कल्पना किती उथळ असू शकते याचा हा नमुनाच म्हणावा लागेल. १ मार्चला शनिवारी पहिला भाग झाला. नंतर कार्यक्रम शुक्रवारी हलविण्यात आला. ४ एप्रिलला पाचवा भाग झाला. सहावा तयार होता, तो दाखविलाच नाही.

या अपयशाचे कारण सर्वसाधारणपणे एका शब्दात सांगितले जाते: भाषा. पण हे कारण तपासून पाहिले तर पुरे पडत नाही. १९६३ मध्ये क्यू साकामोतो या जपानी गायकाचे एक गीत अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि ते संपूर्ण जपानी भाषेत होते. आसवे ओघळू नयेत म्हणून वर पाहत चालणाऱ्या माणसाचे ते गीत. परदेशी व्यापाऱ्यांनी त्याला ‘सुकियाकी’ असे एका मांसाहारी पदार्थाचे नाव दिले. आपल्या एखाद्या विरहगीताला कोणी ‘पिठले-भाकरी’ म्हणावे, तसलाच हा अजागळपणा! तरीही गीत लोकांना भिडले. तेव्हा कोणत्याही बलाढ्य संस्थेने त्यासाठी डंका पिटला नव्हता. नभोवाणीवर ध्वनिमुद्रिका लावणाऱ्यांनी ते लावले आणि ऐकणाऱ्यांनी पुन्हा मागितले.

याहून बोलके उदाहरण खुद्द एन. बी. सी.चेच आहे. ‘पिंक लेडी’ बंद पडल्यावर पाच महिन्यांनी, म्हणजे १९८० च्या सप्टेंबरमध्ये, याच संस्थेने, याच सिल्व्हरमन यांच्या कारकिर्दीत, ‘शोगुन’ ही मालिका लागोपाठ पाच रात्री दाखविली. जेम्स क्लाव्हेल यांच्या कादंबरीवरील ही कथा. तीत जपानी पात्रे जपानीच बोलतात, आणि बहुतेक ठिकाणी खाली भाषांतरही दिलेले नाही. कथेतल्या इंग्रज खलाशाला जितके कळते तितकेच पाहणाऱ्याला कळावे, ही त्यामागची योजना. अमेरिकेत ती मालिका अमाप पाहिली गेली. नटांच्या संपामुळे त्या सुमारास इतर नवे कार्यक्रम रखडले होते आणि त्याचा लाभ तिला मिळाला, हेही खरे. पण केवळ दुसरे काही नाही म्हणून माणसे पाच रात्री खिळून बसत नाहीत. तीत दुभाषी स्त्रीची भूमिका योको शिमादा या अभिनेत्रीने केली. तिचेही इंग्रजी त्या वेळी तोकडेच होते, तिनेही वाक्ये कष्टाने घोटून म्हटली होती. आणि तिला त्या कामाबद्दल गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळाले.

एकच संस्था, एकच वर्ष, तीच जपानी भाषा आणि तेच पाठ केलेले इंग्रजी; आणि फळ मात्र इतके भिन्न! मला वाटते, भेद पडला तो भूमिकेमुळे. शिमादाबाईंचे जपून उच्चारलेले इंग्रजी त्या दुभाषी स्त्रीला शोभत होते. तिची अडखळ कथेच्या कामी आली. ‘पिंक लेडी’मध्ये मात्र त्या दोघींवर सोपविले होते ते हजरजबाबी थट्टेचे काम, आणि परक्या भाषेत सर्वांत शेवटी जमते ती थट्टाच. बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथे उभा जन्म काढलेल्या मराठी श्रोत्यांना हे वेगळे सांगावयास नको. बाजारहाट, कचेरी, सुखदुःखाची विचारपूस हे सारे परभाषेत लवकर साधते. शेजाऱ्याच्या विनोदावर योग्य क्षणी प्रतिविनोद करणे साधावयास वर्षे लागतात. आणि वर्षे देण्याची त्या संस्थेची तयारी नव्हती. मुंबईच्या इम्पीरियल कंपनीची मूकपटातील तारका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, हिच्यापुढेही बोलपट आला तेव्हा हीच अडचण उभी राहिली होती. तिने वर्षभर काम थांबवून हिंदुस्थानीचा अभ्यास केला आणि १९३२ च्या ‘माधुरी’पासून ती पुन्हा अग्रभागी आली. अर्थात तिला आधीपासून ओळखणारा प्रेक्षक तिची वाट पाहत थांबला होता, हेही विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट. गाणी, प्रहसने आणि पाहुणे यांची मिसळ असलेला हा कार्यक्रम-प्रकारच अमेरिकेत तेव्हा अखेरच्या घटका मोजीत होता. कॅरल बर्नेट यांचा दीर्घकाळ चाललेला कार्यक्रम १९७८ मध्ये थांबला. क्रॉफ्ट बंधूंच्याच हातून सुरू झालेला डॉनी व मारी यांचा कार्यक्रम १९७९ मध्ये संपला. ज्या वाड्याच्या भिंती कलल्या आहेत त्यात नवे बिऱ्हाड आणून ठेवावे आणि तो पडला म्हणजे बिऱ्हाडकरूला बोल लावावा, असे येथे झाले.

सिल्व्हरमन यांच्या बाजूनेही एक नोंद केली पाहिजे. १९८१ च्या जानेवारीत त्यांच्याच अमदानीत ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही पोलिस-चौकीवरील मालिका सुरू झाली. तीतले नट प्रेक्षकांना फारसे परिचित नव्हते आणि नील्सनचे आकडेही वाईट होते. तरी ती चालू ठेवण्यात आली. त्या वर्षी तिला आठ एमी पारितोषिके मिळाली आणि हळूहळू तिचा प्रेक्षकही जमला. ते फळ मात्र सिल्व्हरमन यांच्या पदरी पडले नाही. १९८१ मध्येच त्यांना पद सोडावे लागले होते.

त्या दोन मैत्रिणी जपानला परतल्या. १९८० च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी जोडी मोडत असल्याचे जाहीर केले आणि ३१ मार्च १९८१ रोजी टोकियोच्या कोराकुएन क्रीडांगणावर, बोचऱ्या थंडीत, निरोपाचा कार्यक्रम केला. त्यानंतर अधूनमधून त्या पुन्हा एकत्र येत राहिल्या. २०१० मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, आपण जोडी मोडण्याचा तो निर्णयच रद्द करीत आहोत असे दोघींनी घोषित केले आणि पुढच्या वर्षी पुन्हा दौऱ्यावर निघाल्या. गाणी अर्थातच जुनी होती, आणि जपानी.