बर्फावरचा दगड आणि ईव्हचं वीस वर्षांचं गणित

आज ज्या खेळाबद्दल सांगणार आहे, तो आपल्या गावात कुणी खेळलेला असणं शक्य नाही. त्याला बर्फ लागतो. मी टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसूच आलं. एक बाई बर्फावरून घसरत येऊन भलामोठा दगड सोडते, आणि दोघी त्या दगडाच्या पुढे पुढे पळत जिवाच्या आकांतानं बर्फ घासत सुटतात. म्हटलं, आपण रोज अंगण झाडतो, आपल्याला कुणी पदक नाही दिलं!

या खेळाचं नाव कर्लिंग. जन्म स्कॉटलंडचा, पाचशे वर्षांपूर्वीचा. हिवाळ्यात तळी गोठली की शेतीची कामं थांबायची, मग गावकरी नदीतले दगड गोठलेल्या तळ्यावर सरकवत खेळायचे. आता दगड ग्रॅनाइटचा असतो, वजन १८ ते २० किलो, म्हणजे पाण्यानं भरलेल्या हंड्याएवढं समजा. ऑलिंपिकमधल्या दगडांसाठी ग्रॅनाइट येतो तो स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्या बेटावरून. साधारण ४५ मीटर लांबीच्या बर्फाच्या पट्टीच्या टोकाला गोल वर्तुळं आखलेली असतात. दगड मधल्या ठिपक्याच्या जितका जवळ, तितकं चांगलं. समोरच्यांचा दगड धडकून बाहेर घालवता येतो. प्रत्येक संघात चौघी, एकेकीला एका फेरीत दोन दगड, आणि मोठ्या स्पर्धेत फेऱ्या दहा. घासण्याचं कारण असं, की घासलं की बर्फ किंचित तापतो, दगड जास्त लांब आणि जास्त सरळ जातो. कुठं घासायचं, कधी थांबायचं, हे कप्तान लांबून ओरडून सांगते. शेवटचे दोन दगडही बहुतेक तीच टाकते. म्हणजे हरलं तरी सगळ्यांची नजर तिच्यावरच.

पुरुषांची जागतिक स्पर्धा सुरू झाली १९५९ साली. बायकांची व्हायला पुढची वीस वर्षं जावी लागली. ती १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या पर्थ गावात झाली. त्याच पर्थमध्ये १९९० साली एक मुलगी जन्मली, ईव्ह म्युअरहेड. आज तिची गोष्ट.

ती वाढली ब्लेअर अ‍ॅथोल या डोंगराळ गावात. वडील मेंढ्या पाळणारे शेतकरी. पण ते कर्लिंगही असं खेळायचे की स्कॉटलंडकडून जागतिक स्पर्धेपर्यंत गेलेले. दोन भाऊही याच खेळातले. ईव्ह गोल्फही उत्तम खेळायची, आणि तिकडची ती पिशवीची सनई असते ना, बॅगपाइप, तीही वाजवायची. अमेरिकेतून गोल्फसाठी शिष्यवृत्ती मिळत होती, ती तिनं नाकारली आणि बर्फ धरला.

२००२ साली ऱ्होना मार्टिनच्या संघानं शेवटच्या दगडावर ब्रिटनला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. ईव्ह तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढे पाचच वर्षांनी, सोळाव्या वर्षी, तिच्या गळ्यात ज्युनिअर गटाचं जागतिक सुवर्ण पडलं. नंतर २००८, २००९ आणि २०११ मध्येही. चार वेळा! या पोरीला कोण अडवणार, असं कुणालाही वाटलं असतं.

पण पोरींच्या स्पर्धेतून बायकांच्या स्पर्धेत जाणं म्हणजे माहेरून सासरी जाणं. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकला ती कप्तान म्हणून गेली, वय एकोणीस. ब्रिटन सातवं आलं. त्याच वर्षी मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत ती अंतिम सामन्यात जर्मनीकडून हरली. २०१३ मध्ये मात्र रिगा शहरात स्वीडनला ६-५ असं हरवून जगज्जेती झाली, आणि पुढच्या वर्षी सोचीच्या ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडला हरवून कांस्य घेतलं.

आता २०१८ चं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तेच आठवतं. दक्षिण कोरियात ऑलिंपिक, कांस्यपदकाचा सामना, समोर जपान. दहावी फेरी, जपान ४-३ नं पुढे आणि शेवटचा दगड ईव्हच्या हातात. एक गुण घेऊन बरोबरी करायची आणि जादा फेरी खेळायची, की अवघड मारा करून दोन गुण घ्यायचे आणि तिथंच जिंकायचं? तिनं अवघड मारा निवडला. दगड धडकले, फिरले, आणि थांबले तेव्हा ठिपक्याजवळचा दगड जपानचा होता. ५-३. जपानच्या बायकांना त्यांच्या देशाचं कर्लिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं, ब्रिटन चौथं. चुकली का ती? मला तरी तसं वाटत नाही. जिंकली असती तर याच माऱ्याला सगळ्यांनी धाडस म्हटलं असतं. त्यात तिचं कंबरेच्या सांध्याचं दुखणं जुनं, त्याच वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली.

२०२१ मध्ये तर जागतिक स्पर्धेत संघ आठवा आला. पहिल्या सहांना ऑलिंपिकची जागा मिळणार होती, ती हुकली. तेव्हा एक वेगळी गोष्ट झाली. ठरलेला संघ मोडला आणि नऊ जणींचा गट केला. कुणाची जागा पक्की नाही, ईव्हचीसुद्धा नाही. सगळ्या एकमेकींबरोबर आलटून पालटून खेळणार आणि त्यातून शेवटी पाच निवडणार. विचार करा, वर्षानुवर्षं कप्तान असलेल्या बाईनं पुन्हा रांगेत उभं राहायचं. आणि मैत्रिणी असलेल्या नऊ जणींपैकी चौघी घरी राहणार, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक. निवड झाली ती ईव्ह, विकी राइट, जेनिफर डॉड्स, हेली डफ आणि राखीव म्हणून मिली स्मिथ यांची. यातली विकी नर्स. करोनाच्या काळात ती दवाखान्यात कामावर परत गेली होती.

या पाच जणींनी आधी युरोपची स्पर्धा जिंकली, मग डिसेंबरात नेदरलँड्समधल्या पात्रता स्पर्धेतून बीजिंगची जागा मिळवली.

बीजिंगलाही सरळ काही नव्हतं. पहिल्या टप्प्यात पाच सामने जिंकले, चार हरले. दुसऱ्या दोन सामन्यांचे निकाल हवे तसे लागले म्हणून आशा उरली. तरी ब्रिटन, जपान आणि कॅनडा बरोबरीत, आणि आपसातल्या सामन्यांतही तिघी सारख्याच. मग हिशेब कशावर? प्रत्येक सामन्याआधी ठिपक्याच्या दिशेनं मोजणीचे दगड टाकतात, त्यांच्या सरासरी अंतरावर. ब्रिटन आणि जपानचं अंतर कमी भरलं, कॅनडा बाहेर. सरावासारखे वाटणारे ते दगड कामाला आले!

उपांत्य सामन्यात स्वीडननं पहिल्याच फेरीत चार गुण घेतले. तिथून सामना जादा फेरीपर्यंत ओढत नेला आणि ब्रिटननं १२-११ असा जिंकला. २० फेब्रुवारी २०२२, अंतिम सामना, समोर पुन्हा जपान. चार वर्षांपूर्वी जिच्यापुढे हात टेकले होते तीच सात्सुकी फुजिसावा कप्तान. सातव्या फेरीत ब्रिटननं एकदम चार गुण घेतले आणि सामना १०-३ असा संपला. त्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. कर्लिंगमध्ये राखीव खेळाडूलाही तेच पदक मिळतं, त्यामुळे मंचावर पाच जणी होत्या आणि पाच सुवर्णपदकं.

त्याच ऑगस्टमध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ईव्हनं निवृत्ती जाहीर केली.