पाण्याचा टँक, लोखंडाचा टँक

अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय पाहायला लांबून लोक येतात. जवळच निजामशाहीतला फराहबाग उभा आहे. तिकडे फार थोडे वळतात. खरं तर या दोन्ही जागांना एकच इंग्रजी शब्द लागू पडतो, तो म्हणजे टँक.

टँक म्हणजे मुळात तलाव किंवा टाकी. १७ व्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांच्या लिखाणात हा शब्द तलावासाठी येतो. कोशकार त्याचं मूळ गुजराती-मराठी 'टाकं' या शब्दात दाखवतात. पोर्तुगीज 'तांके'चाही त्यात वाटा आहे आणि काहीजण त्यालाच मूळ मानतात. 'टाकं' आपल्या रोजच्या ओळखीचं. याच जिल्ह्यात हरिश्चंद्रगडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत.

मग हा पाण्याचा शब्द तोफेच्या गाडीला कसा चिकटला? पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या लिंकन शहरात एक चिलखती गाडी गुपचूप तयार होत होती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ती पाण्याची टाकी असल्याचं भासवलं गेलं. डिसेंबर १९१५ मध्ये 'टँक' हे सांकेतिक नाव ठरलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ती गाडी प्रथम रणात उतरली. गुपित फुटलं, नाव मात्र कायम राहिलं. मराठीने त्यासाठी 'रणगाडा' हा स्वतःचा शब्द घडवला.

आता फराहबागेकडे वळू. मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ च्या सुमारास, सलाबतखानाने हा महाल पूर्ण केला. तो एका मोठ्या तलावाच्या मधोमध होता. कमी पावसाच्या या मुलखात निजामशाहीने कापूरवाडीसारख्या गावांतून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणलं होतं.

या राजवटीच्या स्मृतीचंही टँक शब्दासारखंच झालं आहे. निजामशाही म्हटलं की आपल्याला वेढे, तोफा, तलवारी आठवतात. अभिमान बाळगणारेही तेच आठवतात आणि राग धरणारेही. लोकांची तहान भागवणारे नळ मात्र दोघांच्याही लक्षात नाहीत.

मुलांना रणगाडे जरूर दाखवा. पण परतताना त्यांना फराहबागेतही न्या आणि टँक म्हणजे आधी पाणी होतं, हे सांगा.