बालपरिचर्येचे प्रगत प्रशिक्षण : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

आजारी बालकांच्या, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या अर्भकांच्या शुश्रूषेसाठी नोंदणीकृत परिचारिकांना मूळ अभ्यासक्रमानंतर मिळणारे विशेष शिक्षण. जीएनएम पदविका किंवा बी. एस्सी. नर्सिंगमध्ये बालपरिचर्या हा अनेक विषयांपैकी एक असतो. नवजात अतिदक्षता कक्षातली रात्रपाळी सांभाळायला तेवढे पुरत नाही.

या औद्योगिक पट्ट्यात अशा शिक्षणाचे मुख्य ठिकाण म्हणजे पिंपरीतील संत तुकाराम नगर. महापालिकेचे सुमारे 750 खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय (बोलण्यात ‘वायसीएम’) आणि डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचे रुग्णालय व परिचर्या महाविद्यालय हे सारे याच भागात आहे. बालआरोग्य परिचर्या ही एम. एस्सी. नर्सिंगची एक शाखा. हा अभ्यासक्रम 2 वर्षांचा असून प्रवेशासाठी पदवीनंतर किमान वर्षभराचा अनुभव लागतो. भारतीय परिचर्या परिषदेने नवजात परिचर्येची 1 वर्षाची पदविकाही आखली आहे. सरकारी सेवेतल्या परिचारिकांच्या वाट्याला मुख्यतः लहान प्रशिक्षणे येतात. 2009 साली सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2 दिवसांत, जन्मताच न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅगने श्वास कसा द्यायचा हे शिकवतात. विशेष नवजात काळजी कक्षासाठी 4 दिवसांचे वर्ग आणि नंतर मोठ्या रुग्णालयात 14 दिवसांचा प्रत्यक्ष अनुभव अशी रचना आहे.

शिक्षणाचा गाभा हिशेबात आणि नजरेत आहे. जेंटामायसिनच्या मोठ्यांसाठीच्या 2 मिलिलिटरच्या कुपीत 80 मिलिग्रॅम औषध असते. किलोमागे 5 मिलिग्रॅम धरले तर दीड किलोच्या बाळाला 7.5 मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम 0.19 मिलिलिटर लागते. दशांशचिन्ह एक घर सरकले की डोस दहापट होतो. म्हणून दोघींनी स्वतंत्रपणे हिशेब करून तो ताडून पाहण्याची सवय लावली जाते. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकाला ताप येईलच असे नाही. ते दूध ओढेनासे होते, मलूल पडते, अंग गार लागते. तापमान 35.5 अंश सेल्सिअसच्या खाली जाणे किंवा मिनिटाला 60 वा अधिक श्वास ही डॉक्टरांना तातडीने बोलावण्याची खूण होय. प्राणवायूही मोजूनच द्यावा लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तो जास्त झाला तर दृष्टिपटलाला इजा होऊ शकते, म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण 90 ते 95 टक्क्यांत राखतात. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2 किलोहून हलक्या बाळाचे डोळे पहिल्या महिन्यात तपासून घ्यावे लागतात आणि ती तारीख आईला समजावून सांगण्याचे काम बहुधा सिस्टरच करते.

आईला शिकवणे हा या शिक्षणाचा दुय्यम भाग मानला जातो. तसा तो मानू नये. कारखान्यांमुळे इथे मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा भागांतून आलेली कुटुंबे राहतात. बाळंतिणीजवळ आई-सासू नसते, नवरा कंपनीत पाळीवर असतो. दूध पिळून वाटी-चमच्याने कसे पाजायचे, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब कशी द्यायची, हे तिला दुसरे कोण सांगणार? 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच अशी कांगारू पद्धत सुरू केल्यावर कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू 25 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. भारत त्या अभ्यासातल्या 5 देशांपैकी एक होता.

चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. अतिदक्षतेची गरज असलेले बाळ तेथून पिंपरी किंवा पुण्याकडे हलवावे लागले, तर कंपन्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी पुणे-नाशिक महामार्गावरच्या कोंडीत वेळ जातो. त्या वेळात बाळाची ऊब, रक्तातील साखर आणि श्वासमार्ग सांभाळणे ही स्वतंत्र विद्या आहे. पट्ट्याच्या या टोकाला तिची गरज अधिक आहे.

9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला लागलेल्या आगीत 10 अर्भके दगावली. आगीच्या वेळी यंत्रांना जोडलेली बाळे बाहेर काढण्याचा सराव प्रशिक्षणात सक्तीचा हवा, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

पुनरुज्जीवनाचे कौशल्य सरावाविना काही महिन्यांतच मंदावते. त्यामुळे नवजात कक्षासाठी तयार झालेल्या परिचारिकेची मोठ्यांच्या वॉर्डात बदली केली, तर तिच्या शिक्षणावरचा खर्च वाया जातो आणि कक्षात नवशिक्या हातांनी पुन्हा सुरुवात करावी लागते.