दोन बांध्या आणि एक चिठ्ठी

माझे मामू धान पिकवायचे. शाळेच्या सुटीत मी बल्लारपूरहून त्यांच्याकडे जायचो. एका वर्षी त्यांनी धानाच्या दोन जाती रोवल्या. एक बोडीखालच्या बांधीत, दुसरी वरच्या. भाद्रपदात पावसाने दडी मारली. वरची बांधी भेगाळली, खालची हिरवीगार राहिली. मामू म्हणाले, ‘‘बेटा, हेच बियाणं खरं!’’ पुढच्या वर्षी सगळ्या बांध्यांत तेच रोवले. पाऊस पुन्हा थांबला आणि वरच्या बांध्यांतल्या लोंब्या पोचट निघाल्या. त्या हिवाळ्यात बैलजोडी विकावी लागली. बियाण्याने दगा दिला, असे मामू अखेरपर्यंत म्हणत.

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. पण पुढे वाचता वाचता उमगले, की मामूंनी बियाण्यांची तुलना केलीच नव्हती. तुलना झाली होती दोन जमिनींच्या ओलीची.

हे कोडे जगाला जुनेच. इंग्लंडमधील रोथमस्टेड केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी त्यावर तोड काढली. कोणते बियाणे कुठे पेरायचे ते माणसाने ठरवू नये, चिठ्ठी टाकून ठरवावे. आणि प्रत्येक बियाणे एकदा नव्हे, अनेक वाफ्यांत पेरावे. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९३५ मध्ये आले. आपल्याकडे हे शास्त्र शेती संशोधकांच्या हाती दिले ते दोन मराठी माणसांनी. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे यांचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शेतीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

हा प्रयोग अंगणातही करता येतो. एकसारखे बारा डबे घ्या, तळाला भोके पाडा, प्रत्येकात तोलून सारखी माती भरा. सहा डब्यांत एक जात, सहांत दुसरी. जागा चिठ्ठी टाकून ठरवा. रोपे रुजेपर्यंत सर्वांना सारखे पाणी द्या. मग प्रत्येक जातीच्या तीन डब्यांचे पाणी तोडा, तीनांचे चालू ठेवा. ते चालू ठेवलेले डबे म्हणजे साक्षीदार. पाने कोणत्या दिवशी वळली, कधी माना टाकल्या, हे लिहून ठेवा. शेवटी पुन्हा पाणी द्या आणि किती रोपे सावरली ते मोजा.

यातही एक फसगत आहे. मोठे रोप डब्यातले पाणी लवकर संपवते आणि उगाच दुबळे ठरते. म्हणून डबे रोज तोलावेत. शिवाय कोवळे रोप तगले म्हणजे दाणा भरेलच असे नाही. धानाला खरा फटका फुलोऱ्यात बसतो. अंगण सुरुवात करून देते, निकाल शेतच देते.

आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या. त्यांचे बी निराळे ठेवून ते वर्षानुवर्षे पेरत, पारखत राहिले. त्यातूनच ‘एचएमटी’ हा धान आला. २०१८ मध्ये ते गेले. तिथे प्रश्न दुष्काळाचा नव्हता, पण घाईने निकाल न देण्याचा धीर तोच होता.

माझे मामू आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. दोन्ही बियाणी एकाच बांधीत शेजारी शेजारी रोवा, एवढे सांगणारे कुणी त्यांना भेटले नाही. भेटले असते, तर कदाचित बैलजोडी दावणीला राहिली असती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)