कौलाखालचा गारवा

आमच्या करंजाड्यात आज स्लॅबची घरं जास्त. आधी नळीची कौलं होती. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौलं कोकणात आली. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची, उरलेली धग माळ्यावरच अडायची. पडवीमुळे भिंतीवर ऊन नसे. कूड लिंपणं, जमीन सारवणं बायकांचं काम. त्याचा हिशेब कुठल्या दप्तरात नाही!

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. भातजमिनी गेल्या, पुढे घरंही बदलली. स्लॅब दिवसभर तापतो, रात्री तीच धग घरात सोडतो. मग आम्ही गच्चीवर झोपतो.

ज्यांचं कौलारू घर उभं आहे, त्यांनी पत्रे टाकण्याआधी फुटकी कौलं बदलून पाहावीत. स्लॅब असेल तर मार्चमध्येच गच्चीला चुना मारा.